दुसरा खातेदार

सकाळी आठ वाजून एक मिनिटाला फोन वाजतो.
आठच्या आत करायचा नाही, असा नियम आहे म्हणे.
ते एक मिनिट म्हणजे त्यांची सभ्यता.

"डोलोरेस वोयचिक बोलताय ना?"
आडनाव प्रत्येक जण नव्याने मोडतो,
शिळा पाव मोडावा तसं.
आज ब्राइस आहे. परवा घोगऱ्या आवाजाची एक बाई होती.
तिच्या आधीचा तर मॅडम मॅडम करता करता
"तुमच्यासारखी माणसं" इथवर येऊन थांबला होता.

कार्ड मी केव्हाच कापलं,
कोंबडीची हाडं कापते त्याच कात्रीने,
आणि तुकडे चार वेगवेगळ्या पिशव्यांत टाकले,
जणू खूनच पचवायचा होता.
अकरा वर्षं झाली.
एरीचं सरोवर तेवढ्यात कितीदा गोठलं नि सुटलं.
देणं काही वितळलं नाही.

कशाकशाचं आहे हो, मी विचारते.
ब्राइसकडे यादी नसते. आकडा असतो.
यादी माझ्याकडे.

कॅझची कवळी, शेवटचे दोन महिने त्याने घातलीच नाही.
बर्फ उपसायचं यंत्र,
कारण फावडं त्याला पेलत नव्हतं आणि तो ते कबूल करत नव्हता.
टेरेसाचं क्लॅरिनेट.
पेट्रोल, पेट्रोल, पेट्रोल,
क्लीव्हलंडच्या इस्पितळापर्यंत आणि परत.
आणि एकदा, एकदाच, लॉबस्टर.
दोघांत एक.
डॉक्टर सरळ बोलले त्या संध्याकाळी.
कॅझने नांगी फोडली तर लोणी उडालं थेट माझ्या चष्म्यावर.
शेजारच्या टेबलावरचे वळून बघेपर्यंत हसलो.
त्या हसण्यावर एकोणतीस टक्के व्याज.

"रक्कम मोठी वाटत असेल तर राहू द्या," ब्राइस म्हणतो,
"आज फक्त पाच डॉलर भरा. सदिच्छा म्हणून."
आवाजाला मध चोपडलेला.
म्हातारी आता नांगी टाकणार, असं वाटलं असावं त्याला.

मंगळवारी लायब्ररीत एक वकील बसते, फुकट सल्ला देते.
बूट ओले, नाक लाल, टेरेसाहून लहान.
ती म्हणाली, मिसेस वोयचिक, देण्यालाही वय असतं.
इतकी वर्षं उलटली की कोर्टात त्याचे दात पडतात.
भुंकेल, चावणार नाही.
पण तुम्ही एक डॉलर जरी ठेवलात त्याच्या पुढ्यात,
तर नवे दात फुटू शकतात.
मला हसू फुटलं. कवळी आठवली.
तिला कळेना, यात हसण्यासारखं काय.

म्हणून मी ब्राइसला म्हणते, जे काय असेल ते लिहून पाठवा.
तो कळफलकावर काहीतरी बडवतो.
मागे वीसेक आवाज, वीसेक मध.
मग विचारतो, सहज, फाईलमधली पुढची ओळ वाचल्यासारखा:
"दुसरे खातेदार, कॅसिमिर. संपर्क होत नाही असं दिसतंय.
त्यांच्याशी कधी बोलता येईल?"

मी ओट्याला टेकले.
म्हटलं, तुमचा फोन लागला त्यांना
तर मलाही जोडून द्याल?

पलीकडे बडवणं थांबलं.
"सॉरी, मॅम," तो म्हणाला. मध नव्हता.
पण फोनही ठेवला नाही त्याने,
दोघंही थोडा वेळ तसेच.

दुपारी पत्र टाकलं, रजिस्टर केलं:
यापुढे फोन करू नये, वकिलीणबाईंनी सांगितलं तसं, सहीनिशी.
खिडकीतल्या माणसाने पाच डॉलर नि वर काही सुटे घेतले.
भरले तर शेवटी.

आता आठ एकला फोन वाजत नाही.
कॉफी घेऊन बसते मी, सवयीने.
अकरा वर्षं झाली, त्याला कोणी विचारत नव्हतं,
या लोकांखेरीज.
आठ पाच.
बाहेर शेजाऱ्याने त्याचं यंत्र सुरू केलं.
आमचंही लागतं अजून, दोरी दोनदा ओढावी लागते.